सिंगापूरला आपली शालू आहे

इकडे ये शालू, जवळ बस. दारात चपला घालता घालता 'येते मोठीआई' म्हणायचं आणि निघून जायचं, ही तुझी सवय मला कधीच आवडली नाही. या वेळी तर तू तेवढंही बोलली नाहीस. असं बोलणं अर्धवट टाकून कोणी जातं का गं? रागावत नाही मी. रागवायलाही अंगात काही लागतं, ते आता उरलं नाही. नुसतं विचारते आहे, काहून असं केलं तू?

तुझा फोटो सपरीत, ओसरीवर ठेवला आहे. ऑफिसच्या मोठ्या काचेसमोर उभी आहेस, हातात फाईल, केस बांधलेले. येणारे जाणारे हात जोडतात आणि म्हणतात, केवढी मोठी झाली होती पोट्टी. मी मान हलवते. पण मला त्या फोटोत तू सापडत नाहीस. मला दिसते ती धानाच्या बांधीत, खाचराच्या धुऱ्यावर बसून, पाय चिखलात सोडून, मांडीवरचं पुस्तक मोठ्यानं वाचणारी. तुझी माय, माझी धाकटी बहीण, तुला माझ्या ओटीत टाकून गेली आणि तू लाखनीच्या शाळेत जायला लागलीस. तुझ्या त्या मोठ्यानं वाचण्यातूनच मीही अक्षरं उचलली. म्हणजे आज हे जे लिहिते आहे, तेही तुझंच आहे.

तुझं काम काय, हे आम्हाला कळायला किती वर्षं गेली. आठवतं का, रोवणा म्हणजे धानाची लावणी चालू होती, तू सुटीत आली होतीस आणि साडीचा काष्टा मारून आमच्यासोबत बांधीत उतरली होतीस. सोबत रोवणारी सुमन तुला म्हणाली, "वकील म्हणजे खुनाच्या केसा चालवते का वो तू?"

तू म्हणालीस, "नाही जी काकू. खुनापर्यंत जाऊ नये म्हणून आधीच कागद लिहून ठेवतो आमी."

"कोणाचे कागद?"

"कंपन्याईचे. एका देशातली कंपनी दुसऱ्या देशातली विकत घेते, सोयरीक करते, तिचे."

"म्हणजे लग्नं जुळवता तुमी."

"हो जी. आणि काडीमोडाचे कागदही लग्नाच्या आधीच लिहितो."

बाया हसून हसून वाकल्या. सुमन म्हणाली, "असं अशुभ कायले लिहिता बाप्पा?" त्यावर तू हातातले परे, धानाची रोपं, रोवत रोवत म्हणालीस की कागद असतोच भांडणासाठी, जीव लागला असतो तोवर कागद कोणी उघडून पाहत नाही. ते तू सहज बोललीस. मला मात्र ते कुठेतरी टोचलं.

मग तू आम्हाला तुझी फर्म समजावून सांगितलीस. रोवण्यात कशा काही बाया परे उपटून मुठी बांधतात, काही त्या मुठी बांधीत नेऊन टाकतात आणि बाकीच्या ओळीनं रोवत मागं मागं सरकतात, तसंच तुमचं. फक्त तुमच्या बाया वेगवेगळ्या देशांत उभ्या. सिंगापुरात दिवस मावळला की फाईल लंडनला जाते, तिथं दुपार असते. तिथून अमेरिकेला. फिरून सकाळी तुझ्या टेबलावर.

"मंग ती फाईल झोपते कवा?" मी विचारलं होतं.

"फाईल नाही झोपत, मोठीआई."

"अन् तुमी?"

तू हसलीस. त्या हसण्याचा मला आता इतका राग येतो शालू, की फोटोकडे पाठ करून बसावंसं वाटतं. तुझे डोळे खोल गेलेले मला दिसत होते. मी म्हणायची, बाई, जरा नीज. तू म्हणायचीस, ही एक फाईल झाली की निजते.

आणि मग तो आमचा करार. आमच्या शेतकरी गटातल्या बाया चिन्नोरचं सुगंधी धान पिकवतात, त्याचा वास परदेशापर्यंत गेला याचा आम्हाला कोण आनंद. बाहेरच्या देशातली तांदळाची मोठी कंपनी. त्यांचा माणूस कागद घेऊन आला. इंग्रजीचा गठ्ठा आणि वर मराठीत थोडक्यात लिहिलेलं. समाजमंदिरात सुमननं मोठ्यानं वाचलं. धान फक्त कंपनीला द्यायचं. बी गटाबाहेर कोणाला द्यायचं नाही. वाद झाला तर त्याची सुनावणी सिंगापूर इथं होईल.

सिंगापूर म्हटल्याबरोबर सुमन थांबली. तिचा चेहरा असा उजळला की जणू तिथं तिचं माहेर आहे. "हे तं लई बरं झालं. भंडाऱ्याच्या कोर्टात आपल्याले कोण वळखते? सिंगापूरले आपली शालू आहे."

सगळ्या म्हणाल्या, हो न बाई, शालू आहे. कोणी म्हणालं, शालू तिथल्या तिथं निकाल लावून टाकंल. कंपनीचा माणूस एकदा माझ्याकडे, एकदा सुमनकडे पाहत होता. आम्ही हसतो आहोत ते कशाला, त्याला कळेना. आणि त्या हसण्यातच सह्या झाल्या. बीचं वाक्य कोणाच्या मनातही राहिलं नाही, कारण सगळ्यांना त्याच्या खालचं वाक्य आवडलं होतं.

मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला. तू विचारलंस, "सही झाली?" मी म्हटलं, झाली. "कंपनी कोणती?" मी नाव सांगितलं. तू ते नाव मला दोनदा म्हणायला लावलंस. मग तू म्हणालीस, "मोठीआई, जेवली का?"

मी जेवले होते का नाही, ते मला आठवत नाही. तुझा तो आवाज आठवतो. एखाद्यानं खोलीतून बाहेर येऊन मागं दार लावून घ्यावं आणि मग बोलावं, तसा.

तुला ठाऊक आहे आपल्याकडे बी कसं देतात. मागणारी पदर पसरते, देणारी ओंजळीनं ओतते. मापात मोजत नाही. मागणारीला नाही म्हणत नाही. बी परत येत नाही, दुसऱ्या साली नव्या तांदळाची मूठ तेवढी येते, देवापुढे ठेवायला. माझी नणंद कौसा शहापूरहून आली, पुरात तिचं सगळं बियाणं सडलं होतं. तिनं पदर पसरला, मी ओतलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? आज पुन्हा पसरला तरी ओतीन. तिच्या सुनेनं बांधीतल्या पिकाचा फोटो मोबाईलवर टाकला, खाली लिहिलं, सासूबाईंच्या माहेरचा चिन्नोर. तो फोटो कुठून कुठं गेला देव जाणे. दिवाळीआधी गटाला कंपनीची नोटीस आली, बी बाहेर दिलं म्हणून.

नोटिशीच्या डोक्यावर निळ्या अक्षरात फर्मचं जे नाव होतं, तेच तुझ्या कार्डावर होतं. ते कार्ड मी देवघराच्या काचेत खोचून ठेवलेलं. खाली शहरांची रांग, लंडन, सिंगापूर, दुबई, आणखी कितीतरी. सुमननं एकदा नोटीस पाहिली, एकदा कार्ड. म्हणाली, "मोठ्या घरची माणसं बाई तुमी. नोटीसबी घरूनच आली."

मंडईला, दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, तू आलीस. गावात पाहुणे, नाटकाचा मांडव, घरोघरी पोहे, आणि आपण दोघी अंगणात धान उफणत भांडत होतो.

"तू त्याहीची का आमची, एवढं सांग."

"मोठीआई, नोटीस लंडनच्या ऑफिसनं लिहिली. तुमचा गट माझ्या घरचा आहे हे मी आधीच लिहून कळवलं होतं. म्हणून त्याहीनं माझ्यात आणि त्या फाईलीत भिंत बांधली. मी त्या फाईलीले हात नाही लावू शकत. विचारू नाही शकत. तुमाले सांगू नाही शकत."

"कोणती भिंत? मले तं नाही दिसत."

"दिसणारी नसते ती. पण ओलांडली तं चोरी."

"फाईलीकडे पाहायले मनाई आहे. आमच्याकडे पाहायले तं नाही न?"

तू सूप खाली ठेवलंस. म्हणालीस, "नोकरी सोडली तरी मले तुमची बाजू घेता येत नाही. तसं बांधलेलं असते माणसाले."

मी म्हटलं, "मंग तुले शिकवलं कायले?"

तू परत सूप उचललंस आणि उफणत राहिलीस. धान केव्हाच साफ झालं होतं, उडायला त्यात भुसा उरला नव्हता. तरी तू ते वर उडवत होतीस आणि झेलत होतीस. मी आत गेले. दुसऱ्या दिवशी तू पाया पडलीस, मी डोक्यावर हात ठेवला. लाखनीच्या हायवेपर्यंत तुला सोडायलाही आले होते मी. ट्रकमागून ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात बोलायची गरज पडली नाही.

तू कोणाची आहेस ते मला माहीत नव्हतं असं वाटलं का तुला? माहीत होतं गं. नुसतं तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. म्हातारपणी माणसाला माहीत असलेल्या गोष्टीही पुन्हा ऐकाव्या वाटतात.

मग तुझा तो फोन. आवाज हलका होता, पुष्कळ दिवसांनी. "मोठीआई, एक गोष्ट सुचली आहे. माझ्या भिंतीलेबी धक्का लागत नाही अन् तुमचं बीही राहते. फोनवर नाही सांगत. मी येते, बसून बोलू."

"कवा येते?"

"याच महिन्यात."

मी तेव्हाच चुलीवरचं खाली उतरवून सुमनकडे गेले. गटातल्या घराघरात सांगून आले, शालूले काहीतरी सुचलं आहे. त्या दिवशी बायांच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं. सुमन म्हणाली, "मी म्हटलंच होतं, सिंगापूरले शालू आहे."

आणि तू निजलीस ती उठलीच नाहीस. आम्ही इतके दिवस सांगत होतो नीज, नीज, ते असं नाही गं.

बातमी आली तेव्हा मला वाटलं, आता पोरीचं तोंडही दिसत नाही. लाखनीतल्या एकानं सांगितलं की परदेशातून माणूस आणायचं म्हणजे कागदच कागद, कोणाकोणाला महिना लागतो. पण तुझ्या फर्मनं काय केलं, कसं केलं. सिंगापूरची माणसं कागद करत होती. ती थकली तेव्हा लंडनची उठली. दिल्लीत कोणीतरी दाराशी बसून शिक्के मारून घेत होतं. मुंबईचा एक जण आधीच नागपूरच्या विमानतळावर येऊन उभा होता, त्यानं मला हात धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, कुठं खंड नाही. मला तुझा रोवणा आठवला. या वेळी ती फाईल तू होतीस.

आता सांग, मी त्यांना काय म्हणू? ज्यांनी माझं लेकरू घरी आणून दिलं, त्यांच्या पाया पडावं वाटतं. आणि त्यांच्याच कागदावर मी गुन्हेगार आहे. हात जोडते तर ती नोटीस आठवते, शिव्या द्याव्या तर तुझा चेहरा समोर येतो. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. असं कोणाला सांगू, घरात सांगण्यासारखं माणूस तूच होतीस.

तुझ्यासोबत तुझ्या ऑफिसातली लिन आली होती. बारीकशी पोरगी, गावच्या उन्हात लाल होऊन गेलेली. लाखनीच्या शाळेतल्या मॅडम तिचं इंग्रजी आम्हाला सांगत होत्या. मी तिला आपलाच भात वाढला. हातानं जेवली, नीट जेवली. मॅडमला म्हटलं, विचारा तिला, शालूला काय सुचलं होतं, तुला काही बोलली का? मॅडमनी विचारलं. लिननं घास ताटात ठेवला, माझं मनगट धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. तिला माहीत नव्हतं, का माहीत असून सांगता येत नव्हतं, ते मला कळलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी भातात पडत होतं. तुझ्या त्या भिंतीनं माझ्या चुलीपर्यंत यावं, इतकी लांब कशी गं ती. मी म्हटलं, राहू द्या मॅडम, जेवू द्या तिला.

तेरवीला कौसा आली. हातात गोणपाटाची पिशवी. पाया पडली, रडली, आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"वैनी, हे ठेवून घ्या."

"काय आहे?"

"चिन्नोर. जेवढा देल्ला होता तेवढा."

"कौसा, बी कोणी वापस करते का?"

"नाही करत वैनी. पण घरचे भेतात. आमच्या दारी कागद आला तं आमी कोणाले विचारावं? सिंगापूर कोणी पाह्यलं आहे?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. तिनं फोटोकडे पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि मागच्या दारानं निघून गेली. पिशवी सपरीत आहे. मी तिला हात लावला नाही. या घरातून गेलेलं बी पहिल्यांदा परत आलं, शालू. ते मी कोणत्या कणगीत ठेवू? नव्या मुठीच्या जागी पिशवी आली.

परवा कंपनीचा माणूस पुन्हा येऊन गेला. चांगला आहे बिचारा, तुझ्यासाठी हार घेऊन आला होता. त्यानं एक कागद ठेवला. दिलेलं बी परत घेतलं, यापुढे गटाबाहेर कोणाला देणार नाही, असं आम्ही लिहून द्यायचं, म्हणजे वाद मिटला. आम्ही भंडाऱ्याच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, आपल्या देशाचा कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं आहे, घरच्या बियाण्याची देवाणघेवाण करता येते. सुमन म्हणाली, मंग झालं की जी. तो म्हणाला, झालं नाही, कारण हे म्हणायलाही सिंगापूरपर्यंत जावं लागेल, तिथला वकील लागेल, आणि तिथं माझी कोणाशी ओळख नाही. त्यानं नागपूरला फोन लावला, नागपूरवाल्यानं मुंबईचा नंबर दिला, मुंबईवाल्यानं कंपनीचं नाव ऐकलं आणि म्हणाला, आम्ही त्यांचंही काम करतो, आम्हाला बोलता येणार नाही. तिथंही भिंत. मला तर वाटायला लागलं आहे की जगात एवढी मोठमोठी ऑफिसं आहेत आणि सगळीकडच्या भिंतींना दारं फक्त कंपनीच्या बाजूनं आहेत.

काल समाजमंदिरात सगळ्या जमल्या. तो कागद मधोमध. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. शेवटी सुमनच बोलली, ती टोमणे मारणारी सुमन. "माझी दोन एकर बांधी आहे जी. मी सिंगापूरसंग भांडू का? करून टाका सही. नाही देत बी कोणाले. कोणी मागायले आलं तं दार लावून घेऊ." आणि एवढं बोलून तीच ढसाढसा रडली, कारण दार लावून घेणं म्हणजे काय ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पदरात पहिलं बी माझ्या सासूनं ओतलं होतं.

गटाची अध्यक्ष मी. पहिली सही माझी. पेन माझ्या हातात दिलं. सही केली की बायांच्या घरात झोप येईल. आणि सही केली की उद्या कौसा काय, कोणीही पदर पसरून उभी राहिली तर मला आत जाऊन बसावं लागेल. मी कागदाकडे पाहत होते. डोक्यात काहीच नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा. शालूले काहीतरी सुचलं आहे. येते म्हणाली आहे ती. तिले विचारून मंग सही करू."

नेहमी म्हणते तसंच म्हणून गेले मी. म्हणून झाल्यावर कळलं.

कोणी हसलं नाही. कोणी 'अहो बाई, ती आता कुठं' असं म्हणालं नाही. सुमननं माझ्या हातातून पेन घेतलं, त्याला टोपण लावलं, कागदाची घडी केली. म्हणाली, "बरं बाई. विचारा. पण पऱ्याच्या आधी विचारा. परे टाकले की मंग वेळ नाही." बाकीच्याही म्हणाल्या, हो, विचारा. एकेक उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. सगळ्यांना सगळं माहीत आहे शालू, आणि सगळ्या थांबायला तयार आहेत.

मी त्यांना तुझं नाव घेऊन थांबवलं आहे. आता तूच सांग, पेरणी तोंडावर आली की मी त्यांच्यासमोर काय घेऊन जाऊ? मंडईचं ते भांडण राहू दे. तू जिंकलीस. तू त्यांची असलीस तरी चालेल, भिंतीच्या त्या बाजूनं बोल, मी इकडून कान लावून ऐकते. मोठ्यानं नको सांगूस. तुला सुचलेलं तेवढं सांग आणि जा, मी अडवणार नाही, जेवूनही जा म्हणणार नाही. फार तर स्वप्नात ये, मी लवकर निजते हल्ली, त्यासाठीच निजते. पण ये, शालू. परे टाकायच्या आधी एकदा घरी येऊन जा.